सरळ शिवणीचं शीड

आमच्या घरात वाऱ्याचा विषय निघाला तो एका जर्मन माणसामुळे. त्याआधी वारा म्हणजे अंबरनाथच्या कुठल्या कारखान्याचा वास आज आपल्याकडे येतोय ते कळण्याचं साधन, एवढीच आमची समजूत होती. सकाळी आई गॅलरीत उभी राहून नाक वर करायची आणि कपडे बाहेर वाळत घालायचे की आत, ते ठरवायची. हा जर्मन बाबांच्या कारखान्यात नवी मशिनं बसवायला आला, दीड-दोन वर्षं राहिला, आईच्या अळूवड्या काट्याचमच्याने खाऊन ‘केक, केक’ म्हणत राहिला, आणि जाताना आपलं एक अवजड खेळणं बाबांच्या गळ्यात घालून गेला. एक लांबुळका, गुळगुळीत फळा. त्यावर एक उंच दांडा, दांड्याला शीड. माणसाने फळ्यावर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं. याला विंडसर्फिंग म्हणतात हे कळायला आम्हाला आठवडा लागला. तोवर आई त्या फळ्यावर पापड वाळत घालत होती.

बाबा मेंटेनन्सचे इंजिनिअर. जगात जे जे बिघडतं ते आपण दुरुस्त करू शकतो आणि जे जे दुसऱ्याला जमतं ते आपल्याला जमायलाच हवं, असा त्यांचा स्वभाव. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी कारखान्याने आपल्या पाण्यासाठी एक बंधारा बांधला होता. तिथे त्यांनी पहिल्या रविवारी बोर्ड पाण्यात घातला आणि दिवसभरात चाळीसेक वेळा पडले. सोमवारी ते वाकून चालत कामावर गेले. पण ऑफिसर मंडळींत बातमी पसरली आणि सहा महिन्यांत आमचा क्लब उभा राहिला. सहा सभासद, सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळ्यांची पोटं सुटलेली. मुंबईच्या एका क्लबातून जुनी शिडं आणली, कारखान्यातल्या फायबरच्या साच्यात बोर्ड ओतले. दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत दर रविवारी शर्यत. पाण्यात नांगरलेली तीन निळी प्लॅस्टिकची पिंपं, त्यांना वळसा घालून परत यायचं.

आता सहाही जणांना शर्यतीत उतरायचं होतं, तेव्हा पंच कोण होणार? आई. आईला पोहता येत नव्हतं, पाण्याची तिला भीती वाटायची आणि नवऱ्याच्या बाबतीत तिचा कणभरही पक्षपात नव्हता. पंचाला आणखी काय लागतं? बंधाऱ्याच्या भिंतीवर छत्री उघडून ती घडीच्या खुर्चीत बसायची. मांडीवर स्टीलचं ताट, हातात पळी, मनगटावर बाबांचं घड्याळ. पाच मिनिटं उरली की दोन ठोके, एक मिनिट उरलं की एक, आणि शर्यत सुटताना जो काही गजर व्हायचा त्याने पलीकडच्या शेतातली गुरंसुद्धा मान वर करायची. नियमांचं इंग्रजी पुस्तक जर्मन ठेवून गेला होता. ते बाबांनी तिला मराठीत वाचून दाखवलं होतं, आणि पुढे ती ते बाबांनाच ऐकवायची. पिंपाला धक्का लागला तर ज्याचा त्याने हात वर करून सांगायचं आणि त्या पिंपाला पुन्हा वळसा घालायचा. दोघं बरोबर पिंपापाशी आले तर आतल्या बाजूला जो आहे त्याला जागा द्यायची. बंधाऱ्यावर ‘साहेब’ कुणीच नव्हतं. वर्क्स मॅनेजरलाही ती ‘सामंत, तुम्ही आधी सुटलात, मागे या’ असं भिंतीवरून ओरडून सांगे, आणि सामंतकाका येत. कारखान्यात त्यांना मागे बोलावण्याची कुणाची छाती नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. माझं काम डबे उचलण्याचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, कैरीचा तक्कू, आणि सामंतकाकांसाठी वेगळ्या डब्यात बिनतेलाचं काहीतरी, जे ते उघडून बघत आणि मग आमच्या पुऱ्या खात. सगळे जेवून झाडाखाली आडवे झाले की मी बाबांचा बोर्ड पाण्यात ढकलायची. बाबा डोळे न उघडता म्हणायचे, ‘पड, पण शीड फाडू नकोस.’ पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला आवळून मी पडायची. पुढे पडायची, मागे पडायची, एकदा तर फळ्यावर नुसती उभी असताना, वारा नसताना, कुणी काही न करता पडले. पाण्यात पडलेलं शीड दोरीने वर ओढायचं म्हणजे भिजलेली गादी विहिरीतून काढण्यासारखं काम. तळहातांची सालं निघाली. कॉलेजात मैत्रिणींना वाटलं, घरी धुणं-भांडी माझ्याकडेच आहेत.

पण एका दुपारी ते जमलं. का जमलं ते आजही सांगता येत नाही. गुडघे वाकवले, पायांकडे बघायचं सोडून समोरच्या डोंगराकडे बघितलं, आणि फळ्याखाली पाणी कुजबुजायला लागलं. तो आवाज माझ्या अंगात शिरला तो कायमचा. त्यानंतर मी घरातही सराव सुरू केला. गादीच्या दोन घड्या घालून त्यावर उभी राहायची, केरसुणीचा दांडा बूम, म्हणजे शिडाचा हाताने धरायचा आडवा दांडा, म्हणून धरायची आणि डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला वळायची. शेजारच्या जोशीवहिनी एकदा साखर मागायला आल्या, दारातूनच हे बघितलं आणि साखर न घेता परत गेल्या.

मला सभासद करून घ्यायचं ठरलं तेव्हा बोर्ड मिळाला, दारासारखा जड, पण मिळाला. शीड मात्र नव्हतं. मुंबईच्या क्लबातली जुनी शिडं संपली होती. बाबा म्हणाले, ‘शीड म्हणजे काय, कापडच ना? उल्हासनगर कशाला आहे मग?’ आणि ते चुकत नव्हते. त्या काळी उल्हासनगरात जगातली कुठलीही वस्तू दाखवा, पुढच्या बुधवारी तशीच दुसरी हातात. बाबांच्या आवडत्या अर्ध्या चड्डीला अमेरिकेचं लेबल होतं, ती उल्हासनगरच्याच कॅम्प पाच वस्तीत शिवलेली होती आणि लेबल तिच्यापेक्षा जास्त टिकलं.

कॅम्प चारमध्ये लछूमास्तरांचं दुकान होतं. पडदे, स्कूटरच्या सीटची कव्हरं, ब्लाउज, तंबू, जे म्हणाल ते. आत सहा मशिनं एकदम चालत आणि बोलायचं तर ओरडावं लागे. गिऱ्हाईक आलं की आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे यायचा, मग काम. आम्ही जर्मनाचं शीड नमुना म्हणून नेलं. मास्तरांनी ते जमिनीवर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि एखाद्या रोग्याच्या छातीवर टकटक करावी तशी बोटं शिवणीवरून फिरवली.

‘साईं, ये किसने सिला?’ ते म्हणाले. ‘सगळी शिवण टेढी आहे. हे बघा, इधर बाहर गेला, इधर अंदर आला. जमीन पे सपाट बसतच नाही. परदेशी माल, और इतना झोल!’

‘तसंच असतं का ते?’ मी विचारलं.

‘बेबी, तीस साल झाले मला. माझ्या दुकानातून टेढी शिवण बाहेर जात नाही. अपुन सीधा करून देतो.’

बाबांनी मान डोलावली. सरळ रेषा म्हटली की ते विरघळायचे. पुढच्या बुधवारी शीड तयार. तंबूच्या नायलॉनचं, पांढरं, लाल काठाचं, जमिनीवर पसरलं तर एक सुरकुती नाही. क्लबात सगळ्यांनी हात फिरवून बघितलं. सामंतकाका म्हणाले, जर्मनांनी लाज वाटून घ्यावी असं काम आहे.

आणि मी शेवटची येऊ लागले. एकदा नाही, दर रविवारी. सगळे पिंपाला वळून परत येत तेव्हा मी जाताना भेटायची. बाबा दुसरे यायचे, सामंतकाका पहिले. ते जन्मापासूनच पहिले येत असावेत. बाबा मला झाडाखाली बसवून चुका सांगायचे. पाय फार मागे, हात फार ताठ, वळताना घाई. मी सगळं सुधारलं. वारा दुपारी दीडच्या सुमाराला पश्चिमेकडून, डोंगराच्या खिंडीतून येतो आणि येताना पाण्यावर काळसर चट्टे उठवत येतो, हे मी भिंतीवर बसून बसून पाठ केलं. कुठल्या चट्ट्याला आपण किती वेळात पोचू याचा हिशेब मला झोपेतही करता यायचा. माझ्या वाट्याला वारा इतका कमी येत होता की जो यायचा त्यातला थेंब मी सांडू देत नव्हते. तरी शेवटची. बाबा म्हणायचे, ‘वारा सगळ्यांना सारखाच असतो, नीलू.’ या वाक्याचा मला इतका राग यायचा की अजूनही कुणी ते दुसऱ्या कुठल्या संदर्भात म्हटलं तर मी खोलीतून उठून जाते.

एप्रिलमध्ये मुंबईहून निरोप आला. त्या क्लबाची समुद्रावर मोठी शर्यत होती आणि आम्हाला आमंत्रण होतं. सामंतकाकांच्या जीपच्या टपावर दोनच बोर्ड बसत. म्हणून ठरलं की मेच्या पहिल्या रविवारी जे पहिले दोन येतील ते जातील. पहिले कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरे बाबा. त्यांनी कॅम्प पाचमधून नवी चड्डी शिवायला टाकली. मला समुद्रावर जायचं होतं. इतकं जायचं होतं की ते कुणाला सांगायचीही लाज वाटायची, कारण जाण्याचा मार्ग बाबांच्या अंगावरून जात होता.

एके रविवारी परतताना आई जीपमध्ये मागे वळून म्हणाली, ‘तुझं शीड फुगत नाही गं.’

‘म्हणजे?’

‘बाकीच्यांची शिडं वारा आला की गरोदर दिसतात. तुझं इस्त्री केलेल्या चादरीसारखं ताठच्या ताठ. मी वर्षभर बघतेय.’

‘मग आधी का नाही बोललीस?’

‘मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, मुद्दाम केलं असेल.’

बाबांनी काच खाली केली आणि बाहेर बघत राहिले. मला वाटतं त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं होतं, पण कळलं असं म्हणायला ते आणखी चार दिवस घेणार होते. तेवढा वेळ आईकडे नव्हता. मंगळवारी तिने शीड बोहारणीच्या गाठोड्यासारखं बांधलं आणि मला घेऊन कॅम्प चार गाठलं.

पापड आला, पाणी आलं. मास्तर ऐकायला तयार नव्हते. सरळ शिवण चूक असते हे वाक्यच त्यांच्या कानात शिरेना. मी वाऱ्याचं शास्त्र सांगितलं, विमानाच्या पंखाचं उदाहरण दिलं. ते शांतपणे म्हणाले, ‘बेबी, विमान मी शिवत नाही.’ सहा मशिनं चालू होती. तेव्हा आईने पापड खाली ठेवला आणि त्या सगळ्या घरघरीच्या वर आवाज चढवून विचारलं, ‘मास्तर, ब्लाउजला टक्स का घालता?’

मशिनं बंद पडली. वीज गेली नव्हती, कारागीर थांबले होते.

‘भाभी!’ मास्तर म्हणाले.

‘का घालता? कापड सपाट असतं ना? मग सपाटच शिवा की. सरळ शिवण, एक नंबर काम. घालणारीचं काय होईल?’

मास्तरांचे कान लाल झाले. मी नजर पापडात खुपसली. कारागिरांपैकी एकाला खोकल्याची उबळ आली.

‘आत काहीतरी गोल मावायचं असतं म्हणून घालता,’ आई म्हणाली. ‘याच्यात वारा मावायचाय. त्या जर्मनाने टक्स घातले होते, तुम्ही ते गाळून टाकलेत.’

लछूमास्तरांनी शीड जमिनीवर पसरलं. मग त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ‘हे आधी बोलायचं ना, भाभी,’ ते म्हणाले. ‘साहेब बोलला सीधा पाहिजे.’ साहेब असं बोलला नव्हता, नुसती मान डोलावली होती, पण आम्ही दोघींनी ते खुशाल साहेबावर जाऊ दिलं. मास्तरांनी शीड स्वतःच्या हाताने उसवलं. कारागिरांना हात लावू दिला नाही. शनिवारी परत मिळालं ते जमिनीवर सपाट बसत नव्हतं. जगात इतकी सुंदर झोल पडलेली वस्तू मी पाहिलेली नाही.

ठरलेल्या रविवारी वारा चांगला होता. आईने गजर केला आणि मी सुटले, आणि पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं की वर्षभर मी दार ओढत होते आणि आता कुणीतरी ते उघडलंय. बोर्ड अक्षरशः हातातून पळू लागला. गंमत म्हणजे मला त्याला आवरता येत होतं. वर्षभर थेंब थेंब वारा वेचल्यावर आता घागरभर मिळाला तर त्याचं काय करायचं हे माझ्या हातापायांना माहीत होतं. पहिल्या पिंपाला मी चौथी, दुसऱ्याला तिसरी. सामंतकाका पुढे गेले होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे फक्त बाबा, नव्या चड्डीत.

शेवटच्या पिंपाकडे जाताना खिंडीतून एक काळा चट्टा पाण्यावरून सरकत येताना मला दिसला. बाबा पिंपाकडे बघत होते, मी चट्ट्याकडे. तो मला आधी लागला. मी त्यांच्या आणि पिंपाच्या मधल्या फटीत बोर्ड घातला. फट एका म्हशीला जाता येईल एवढी, जास्त नाही. ‘जागा!’ मी ओरडले. बाबांना एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात पहिल्यांदाच काही सांगत होते. त्यांनी वळून बघितलं. बाहेर सरकले. माझ्या बूमपासून पिंप वीतभर लांब राहिलं. मी वळले आणि मागे न बघता भिंतीपर्यंत गेले. पळी ताटावर पडली.

तो दिवस तिथेच संपला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी कॉलनीतल्या अंगणात सगळे जमले. आई आत साबुदाण्याचे वडे तळत होती आणि मी ताट घेऊन बाहेर येत होते. बाबा खुर्चीत रेलून सांगत होते, ‘अरे, पोरीला जाऊ दे म्हटलं एकदा समुद्रावर. शेवटच्या पिंपाशी शीड जरा सैल सोडलं, झालं.’ सगळे ‘वा’ म्हणाले. सामंतकाकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी वडे वाटले. मला बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण मला ते खरं वाटलं. ते मुद्दाम हरू शकतात हे पटण्यासारखं होतं. मी त्यांना हरवू शकते, हे पटण्यासारखं नव्हतं.

मुंबईला गेले. समुद्र खारट होता आणि लाटांची सवय नव्हती. मधे कुठेतरी नंबर आला. तिथे मला कुणी सोडलं नसणार एवढं समाधान, पण ते पुरलं नाही. पुढे लग्न झालं, नोकरी झाली, क्लब आपोआप विरघळला. सभासदांची पोटं वाढली आणि बोर्ड तेवढेच राहिले. बाबांची गोष्ट मात्र वाढत गेली. माझ्या लग्नात सांगितली, जावयाला सांगितली, नातवंडांना सांगितली. दर वेळी शीड आणखी थोडं सैल. मी प्रत्येक वेळी हसायची. हसण्याचीही एक सवय होते.

निवृत्तीनंतर आईबाबा बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. आसपास नवे टॉवर उठत होते. मी पन्नाशीला आले होते. एका दुपारी गेले तर समोरच्या फ्लॅटमधले कोणी नवे गृहस्थ ओळख करून घ्यायला आले होते. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि गोष्ट काढली. शेवटचं पिंप आलं. ‘म्हटलं, जाऊ दे पोरीला...’

आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, ‘उगाच काहीतरी.’

‘काय उगाच?’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही काही सोडलं नव्हतं. मी भिंतीवर बसले होते. दात-ओठ खाऊन ओढत होतात. चड्डी सुटत होती तरी हात काढला नाहीत.’

गृहस्थांनी चहा संपवला. मी आईकडे वळले. ‘आई, इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?’

आता तिने मान वर केली. तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. ‘अगं, फटीत घुसलीस तू. जिंकलीस तू. ते तुला कुणी सांगायला हवं होतं?’

परक्या माणसासमोर मला रडायचं नव्हतं. तीस वर्षं मी एक शर्यत दान मिळालेली मुलगी म्हणून वावरले होते. पहिल्यांदा पगार वाढला तेव्हा, पहिल्यांदा एकटीने घर घेतलं तेव्हा, प्रत्येक वेळी कुणीतरी आपल्यासाठी शीड सैल सोडलं असणार असं मला आतून वाटत आलं होतं. आणि हे सगळं एका वड्याच्या ताटाशी ऐकलेल्या फुशारकीपायी.

बाबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

‘नाही सोडलं,’ ते म्हणाले. ‘ती हरामखोर फट मला दिसलीच नव्हती. तुला दिसली.’ आणि मग, ‘हरलो मी, नीलू.’

‘कितीने?’ मी विचारलं. आवाज फुटू नये म्हणून काहीतरी विचारायचं होतं.

‘दोन बोर्डांनी.’

‘तीन,’ आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.